‘नाटकं करू नकोस!’

शनिवारी रात्री नाट्यगृहात बसून आपण जिच्यासाठी रुमाल काढतो, तिच्यासारखीच कुणी सोमवारी ऑफिसात भेटली की तिला ‘ड्रामा क्वीन’ म्हणून मोकळे होतो. रंगमंच, बाई-पुरुष आणि मनाची दुखणी या तिघांचं नातं नेमकं काय आहे? अभ्यासक त्याकडे कसं बघतात? जरा खोलात शिरून बघू या.

कॉन्फरन्स रूमचं दार उघडतं. अप्रेझल संपवून कुणीतरी डोळे पुसत बाहेर येतं. ती बाई असेल तर क्युबिकलमधला शेरा ठरलेला असतो, ‘झालं हिचं नाटक सुरू!’ तो पुरुष असेल तर? तर तो मुळात डोळे पुसत बाहेर येतच नाही. तो खाली टपरीवर जातो, दोन सिगरेटी ओढतो आणि संध्याकाळी मित्रांना ‘बसू या का?’ असा एसेमेस टाकतो. त्याला कुणी नाटकी म्हणत नाही. त्याला फार तर ‘टेन्शनमध्ये आहे रे बिचारा’ असं म्हणतात.

गंमत बघा. आपल्या भाषेत बाईच्या दुःखाला हिणवायचे जवळजवळ सगळे शब्द रंगमंचावरून आलेत. नाटकं करू नकोस. तमाशा नको. काय ही नौटंकी! कसला सीन क्रिएट केलास! आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. ‘हिस्टेरिया’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ गर्भाशय. म्हणजे दुखणं मनाचं आणि पत्ता गर्भाशयाचा! पुढे १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदान-पुस्तिकेतून ‘हिस्टेरिकल व्यक्तिमत्त्व’ हे लेबल काढलं आणि त्या जागी नवं आणलं, ‘हिस्ट्रिओनिक’. लॅटिनमध्ये ‘हिस्ट्रिओ’ म्हणजे नट. थोडक्यात काय, गर्भाशय गेलं आणि नाटक आलं. आणि हे लेबलही डॉक्टरांकडून जास्त चिकटवलं गेलं ते बायकांनाच.

म्हणूनच गेल्या चाळीसेक वर्षांत रंगभूमीचे आणि स्त्रीवादाचे अभ्यासक एक वेगळाच प्रश्न विचारायला लागले आहेत. ‘हिला काय झालंय?’ हा तो प्रश्न नाही. ‘हिला वेडी कोण ठरवतंय, बघतंय कोण आणि ऐकतंय कोण?’ हा तो प्रश्न आहे. वाटतो साधाच, पण तो घेऊन एखादं ओळखीचं नाटक पुन्हा बघा, सगळंच उलटंपालटं होतं.

मंगळवारचा हाउसफुल्ल शो

आधी पॅरिसला जाऊ. काळ १८७० आणि ८० च्या दशकांचा. साल्पेत्रिएर नावाचं अवाढव्य इस्पितळ आणि तिथले जगप्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ ज्याँ-मार्टिन शार्को. त्यांची मंगळवारची व्याख्यानं गाजलेली. नुसते डॉक्टर नव्हे, तर लेखक, पत्रकार, नटनट्याही गर्दी करायच्या. स्टेजवर ‘हिस्टेरिया’ झालेली बाई आणली जायची, तिला संमोहित केलं जायचं आणि मग झटका, कमान, बेशुद्धी असं सगळं क्रमानं दाखवलं जायचं. १८८५ च्या हिवाळ्यात तिथे शिकायला आलेल्यांत एक तरुण डॉक्टर होता, सिग्मंड फ्रॉइड. आंद्रे ब्रुइए या चित्रकाराचं १८८७ चं एक भलंमोठं चित्र आहे. त्यात व्याख्यान ऐकणारे सगळे पुरुष, आणि मधोमध कुणाच्या तरी हातावर मान टाकलेली एक बाई.

या इस्पितळातली ‘स्टार’ होती ओगुस्तीन. पंधरा वर्षांची असताना दाखल झालेली पोर. तिचे ढीगभर फोटो काढले गेले. प्रत्येक पोझला एकेक नाव, भक्ती, परमानंद वगैरे. त्या पोरीनं घरात काय काय सोसलं होतं, तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता, हे तिच्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा बाहेर येत होतं. तेही नोंदवलं गेलं, पण मन लावून अभ्यास झाला तो पोझचाच. १८८० साली ओगुस्तीन तिथून पळाली. कशी? पुरुषाचा वेष करून! तिच्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी अभिनय म्हणायचा हा. इंग्लंडमध्ये ॲना फर्स या लेखिकेनं १९९१ मध्ये तिच्यावर नाटकच लिहिलं.

या सगळ्याची सुसंगत मांडणी केली ती इलेन शोवॉल्टर या अमेरिकन अभ्यासिकेनं, १९८५ साली आलेल्या ‘द फीमेल मॅलडी’ या पुस्तकात. त्याच वर्षी त्यांनी ऑफिलियावर एक निबंध लिहिला. तोही आजवर वाचला जातोय. ‘हॅम्लेट’ आपण शाळा-कॉलेजात कधी ना कधी वाचलेलं किंवा निदान ऐकलेलं असतं. त्यात दोघांचं मन ढळतं. हॅम्लेटचं आणि त्याच्या प्रेयसीचं, ऑफिलियाचं. पण हॅम्लेटचं ढळणं म्हणजे तत्त्वज्ञान! जगावं की मरावं, सत्य काय, सूड काय. ऑफिलियाचं ढळणं म्हणजे विस्कटलेले केस, पांढरे कपडे, फुलं आणि चावट गाणी. त्याचं वेड मेंदूतलं, तिचं वेड देहातलं. हा फरक शेक्सपिअरपुरता राहिला नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या वेड्यांच्या इस्पितळात डॉ. ह्यू डायमंड रुग्ण बायकांचे फोटो काढायचे, तेव्हा एकीच्या डोक्यावर चक्क पानाफुलांची माळ आहे. नाटकातली ऑफिलिया इस्पितळात जाऊन पोचली होती!

आणि उलटंही झालं. एलन टेरी ही लंडनची मोठी नटी. १८७८ मध्ये ऑफिलिया करायची म्हणून अभ्यासासाठी ती वेड्यांच्या इस्पितळात गेली आणि निराश होऊन परत आली. कारण तिथल्या बायका तिला फारच ‘नाटकी’ वाटल्या. आता बोला! इस्पितळ नाटकाकडून शिकतंय, नाटक इस्पितळाकडून, आणि या देवाणघेवाणीत खरी बाई कुठे आहे, तर कुठेच नाही.

गुणाची सिंधू

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे बाईच स्टेजवर नव्हती. मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवाच्या काळात बाईचं दुःख पुरुष रंगवत होते, आणि त्यात शिखरावर होते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचं गाणं, त्यांचा शालू, त्यांचं लाजणं. आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींत हे सगळं येतं. त्यांची नेसायची पद्धत आणि दागिने घरंदाज बायका उचलायच्या.

मीरा कोसंबी यांनी स्वातंत्र्यापूर्वीच्या मराठी नाटक-सिनेमातल्या स्त्रीप्रतिमेवर मोठा ग्रंथ लिहिला. तो २०१५ साली आला. कॅथरिन हॅन्सन या अमेरिकन अभ्यासिकेनं पारशी, गुजराती आणि मराठी रंगभूमीवरच्या स्त्री-भूमिकांचा माग काढला. दोघींच्या अभ्यासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ‘आदर्श बाई’ कशी असावी, हे मध्यमवर्गाला शिकवण्यात या पुरुष नटांचा वाटा मोठा होता. आता त्यात एक भर आपण घालू. आदर्श बाईनं दुःख कसं करावं, हेही तिथेच ठरलं की!

‘एकच प्याला’ घ्या. राम गणेश गडकरी गेले १९१९ मध्ये, आणि त्याच सुमाराला रंगमंचावर आलेलं हे नाटक. बालगंधर्वांची सिंधू हा त्यातला मानबिंदू. सिंधू सोसते. नवरा दारूपायी घर धुळीला मिळवतो आणि ती जात्यावर दळणं दळते, पण तक्रारीचा शब्द नाही. प्रेक्षक हमसून हमसून रडायचे. म्हणजे सोसणारी, सुंदर दिसणारी, गोड गळ्यानं रडणारी बाई ती खरी दुःखी. आणि आवाज चढवणारी, भांडी आपटणारी, ‘मला हे झेपत नाही’ असं म्हणणारी? ती कजाग. तिचं ‘नाटक’!

पण त्याच नाटकात सुधाकरही आहे. हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी रद्द होते, आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअरमध्ये सस्पेंशन, इगोला धक्का आणि मग शुक्रवारची संध्याकाळ. ओळखीचं वाटलं ना? सुधाकरचं मन मोडलं होतं हे तेव्हा कुणी म्हटलं नाही. ते ‘व्यसन’ झालं. बाईच्या दुखण्याला वेड म्हणायचं आणि पुरुषाच्या दुखण्याला सवय, ही वाटणी शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि अजून फारशी बदललेली नाही.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’नं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं, तेव्हा ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांच्यासारख्या सुशिक्षित घरातल्या बायका स्टेजवर उभ्या राहिल्या. बाईची भूमिका बाईकडे आली. पण लिहिणारा, बसवणारा आणि बघून निकाल देणारा मात्र बराच काळ तोच राहिला.

कोर्ट की क्लिनिक?

आता येऊ १९६७ सालावर. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. ‘रंगायन’चा प्रयोग, दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. गोष्ट थोडक्यात अशी. एक हौशी नाटक मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. प्रयोगाला वेळ असतो, म्हणून टाइमपास म्हणून एक लुटूपुटूचा खटला उभा करतात. आरोपी, त्यांच्यातलीच शिक्षिका बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ खरा होतो आणि अविवाहित बेणारेचं सगळं खासगी आयुष्य चव्हाट्यावर येतं. ती गरोदर आहे, आणि ज्याच्यामुळे आहे ते प्रोफेसर दामले त्या दिवशी आलेलेच नाहीत!

एलिन डायमंड या अभ्यासिकेनं १९९७ च्या आपल्या पुस्तकात इब्सेनच्या काळातल्या वास्तववादी नाटकांबद्दल एक भारी निरीक्षण मांडलंय. ही नाटकं बहुधा एका बाईच्या ‘गुपिता’भोवती रचलेली असतात, आणि प्रेक्षकाला नकळत डॉक्टरच्या खुर्चीत बसवतात. आपण तिची लक्षणं गोळा करतो. ती फार हसते, फार बोलते, मध्येच गप्प होते. आणि शेवटी निदान करून टाळ्या वाजवतो. ‘हेडा गाब्लर’ काय, ‘डॉल्स हाउस’मधली बेभान नाचणारी नोरा काय, सगळ्या या तपासणीच्या टेबलावर.

हा चष्मा लावून ‘शांतता’ बघा. सुखात्मे वकील आणि काशीकर न्यायाधीश काय करतात? बेणारेचं हसणं, गाणं, पुरुषांशी मोकळं बोलणं हे सगळं ‘लक्षण’ म्हणून मांडतात. पूर्वी एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता, तेही पुरावा म्हणून. तिच्या यातनेचा दाखला तिच्याच विरुद्ध! पण तेंडुलकर एक चलाख गोष्ट करतात. डॉक्टरच्या खुर्चीत बसलेल्या आपल्यालाच ते त्या खोलीत सामील करून टाकतात. पहिल्या अंकात काशीकरांच्या विनोदावर हसलेला प्रेक्षक शेवटी कुठे तोंड लपवणार?

आणि मग येतं बेणारेचं ते प्रसिद्ध स्वगत. नाट्यस्पर्धांमध्ये, ऑडिशनला आजही मुली ते म्हणतात. पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. ती बोलत असते तेव्हा स्टेजवरचे बाकी सगळे गोठलेले असतात. तिला दहा सेकंदांची मुदत मिळालेली असते आणि तिचं सगळं बोलणं त्या खोलीतल्या कुणाच्याही कानावर पडत नाही. आपण ऐकतो, ते नाही ऐकत. तेंडुलकरांनी तिला आवाज दिला, पण श्रोता दिला नाही. मानसिक आरोग्याचा सगळा प्रश्नच इथे आहे. बोलायला सांगणारे खूप असतात हो, ‘मन मोकळं कर’ असा सल्ला तर फुकटच मिळतो. पण खोलीतली माणसं गोठलेली असतील तर मोकळं करून करायचं काय?

म्हणूनच १९९१ मध्ये आलेल्या प्रशांत दळवींच्या ‘चारचौघी’तला विद्याचा गाजलेला फोनचा प्रवेश वेगळा वाटतो. तीही एकटीच बोलते, वंदना गुप्ते यांनी तो प्रवेश अजरामर केला. पण त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे, आणि घरात तिच्या बाजूनं उभी राहणारी आई आणि बहिणी आहेत. २०२२ मध्ये हे नाटक नव्या संचात परत आलं, मुक्ता बर्वे विद्या झाली आणि रोहिणी हट्टंगडी आई. तीस वर्षांनंतरही हाउसफुल्लचे बोर्ड लागले. उगाच नाही.

मित्राची गोष्ट, बापूच्या तोंडून

तेंडुलकरांचंच ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. मित्रा म्हणजे सुमित्रा, कॉलेजातली मुलगी. तिचं प्रेम नमा नावाच्या मुलीवर. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, समोर नमा नायिका, आणि तिथे तिला स्वतःबद्दलचं काहीतरी उमगतं. शंभर वर्षांपूर्वी पुरुषानं लुगडं नेसलं तर तो गंधर्व. मित्रा पुरुषासारखी वागली तर तिचं काय होतं, ते नाटकात बघा. शेवट सुखाचा नाही.

या नाटकावर लिहिणारे एका गोष्टीकडे लक्ष वेधतात. ही गोष्ट आपल्याला सांगतो तो बापू, मित्राचा मित्र. तो भला आहे, हळवा आहे, पण तिची गोष्ट तिच्या तोंडून येत नाही. तिची तगमग, तिचं दारूकडे वळणं आपण त्याच्या नजरेतून बघतो आणि तिच्या दुःखाचं कारण तिच्या ‘वेगळेपणात’ शोधतो. कारण खरं तर तिच्या आजूबाजूच्या माणसांत आहे.

त्या काळी डॉक्टरही फार पुढे होते असं नाही. अमेरिकेतल्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९७३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं थेट १९९० मध्ये. म्हणजे नाटक आलं तेव्हा मित्रा एका यादीप्रमाणे निरोगी आणि दुसऱ्या यादीप्रमाणे रुग्ण! आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधला गुन्ह्याचा शिक्का पुसला तो २०१८ साली.

आणि इथे एका कायद्याची ओळख करून घ्यायलाच हवी. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्याचं तिसरं कलम स्पष्ट सांगतं की, समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा कामाच्या ठिकाणच्या मूल्यांशी एखादी व्यक्ती जुळवून घेत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. बेणारे आणि मित्रा, दोघींची केस या एका कलमावर उभीच राहत नाही! याच कायद्याच्या ११५ व्या कलमानं असंही मानलं की, जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असते, तिला शिक्षा नको, उपचार हवेत. काशीकरांच्या कोर्टात हे कलम वाचून दाखवायला हवं होतं.

अप्पासाहेबांचं काय?

‘जेंडर म्हणजे फक्त बायकांचं’ असं वाटून पान उलटू नका, राव. पुरुषांच्या वाट्यालाही एक साचा आलेला आहे, आणि तो जीवघेणा आहे.

वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आलं १९७० साली. अप्पासाहेब बेलवलकर झाले डॉ. श्रीराम लागू. निवृत्तीनंतर मुलांच्या घरी होणारी उपेक्षा आणि हळूहळू निसटत जाणारं भान. पण हे निसटणंसुद्धा किती भव्य! किंग लिअर, ऑथेल्लो, भारदस्त स्वगतं. पुरुषाचं मन कोसळतं तेव्हा राजवाडा कोसळल्यासारखं वाटायला हवं, तरच ते बघण्यालायक. अप्पासाहेबांची स्वगतं सगळ्यांना पाठ असतात. त्यांची बायको कावेरी, ज्यांना ते ‘सरकार’ म्हणतात, घरातला अपमान त्यांच्याआधी ओळखते, तो गिळते आणि मध्येच निघून जाते. तिचं स्वगत किती जणांना पाठ आहे?

आणि ज्या पुरुषाकडे शेक्सपिअर नाही त्याचं काय? नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांहून जास्त आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातले साधारण ७२ टक्के पुरुष होते. दुसरीकडे, निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्य आणि चिंता बायकांत जास्त आढळली, तर दारूसारख्या व्यसनांचे विकार पुरुषांत कितीतरी जास्त. सिंधू आणि सुधाकरची वाटणी आकडेवारीत उतरलीय म्हणा ना! बायका बोलतात तर त्यांना नाटकी म्हणायचं, आणि पुरुषांनी बोलायचं नाही कारण नाटक बायका करतात. एकाच शिवीनं दोघांची तोंडं बंद.

स्टेजवरचं औषध

मग नाटकाचा मनाला काही उपयोग नाही का? आहे, भरपूर आहे. आपल्याकडे तर हे दोन प्रांत शेजारी आहेत. ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना साकारणारे डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. ठाण्यात १९९० साली आयपीएच ही संस्था काढणारे डॉ. आनंद नाडकर्णी मानसोपचारतज्ज्ञही आणि नाटककारही.

नाटकाला औषध म्हणून वापरायची पद्धत, म्हणजे सायकोड्रामा, सुरू केली ती याकोब मोरेनो यांनी, १९२० च्या दशकात व्हिएन्नामध्ये. त्यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. बार्बरा नावाची नटी उत्स्फूर्त नाटकांत नेहमी साध्याभोळ्या, गोड मुलींच्या भूमिका करायची. तिच्या नवऱ्यानं मोरेनोंकडे तक्रार केली की, स्टेजवर देवता असणारी ही बाई घरी शिव्या देते, अंगावर धावून येते. मोरेनोंनी तिला रस्त्यावरच्या, भांडखोर बायकांच्या भूमिका दिल्या. घरातला राग स्टेजवर निघाला आणि घर शांत झालं. पुढे दोघांना एकत्र स्टेजवर आणलं.

किस्सा छान आहे. पण आपला तो प्रश्न इथेही विचारून बघा. तक्रार कोणाची होती? नवऱ्याची. ‘बरं होणं’ म्हणजे काय? घरी पुन्हा गोड होणं. सतत गोड भूमिका करून करून ती पोरगी वैतागली असेल, ही शक्यता किती जणांच्या डोक्यात आली असेल?

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांची वाट वेगळी. लॅटिन अमेरिकेत त्यांनी खऱ्या पोलिसांच्या जुलमाविरुद्ध नाटकं केली. देश सोडून युरोपात आले तर तिथली माणसं एकटेपणाबद्दल, भीतीबद्दल बोलू लागली. इथे पोलीस कुठेय? तर डोक्यात! म्हणून त्यांनी ‘डोक्यातला पोलीस’ नावाची कार्यशाळाच सुरू केली. त्या पोलिसाला स्टेजवर उभं करायचं, त्याच्याशी वाद घालायचा. आपल्याकडे या पोलिसाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, ‘लोक काय म्हणतील’. पुण्यातल्या बापू ट्रस्टच्या संस्थापक आणि अभ्यासक भार्गवी दावर २०२४ मध्ये गेल्या. बायकांच्या मानसिक आरोग्याचा विचार घर, गरिबी आणि हिंसा बाजूला ठेवून करता येणार नाही, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. बोआल तेच नाटकातून करत होते.

आणि सोमवारचा प्रयोग

‘हे सगळं नटांचं झालं, आमचं काय?’ असं म्हणत असाल तर एक शेवटची गोष्ट. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामावर ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिलं. प्रवासी कितीही उर्मट असो, चेहऱ्यावर हसू हवंच. हे हसू पगारात धरलेलं असतं. त्याला त्यांनी ‘भावनिक श्रम’ म्हटलं. त्याचे दोन प्रकार, वरवरचा अभिनय आणि आतून केलेला अभिनय. ही कल्पना त्यांनी आणली थेट स्तानिस्लावस्की या नाट्यगुरूकडून! आणि हे श्रम बायकांकडून जास्त अपेक्षित असतात, हेही नोंदवलं. टीममधल्या भांडणात ‘जरा तू समजावून सांग ना’ हे काम कुणाकडे येतं? क्लायंट चिडला की कॉल कुणाला जोडला जातो?

नटाला निदान पडदा पडल्यावर मेकअप उतरवायला मिळतो. तोही पुरतो असं नाही. मार्क सीटन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं नटांच्या या थकव्याला ‘पोस्ट-ड्रामॅटिक स्ट्रेस’ असं नाव दिलं. भूमिकेत शिरायला शिकवतात, पण बाहेर पडायला कोण शिकवतं, असा त्यांचा सवाल आहे. रोज रात्री बेणारे उभी करणारी मुलगी नंतर शेवटची लोकल पकडते. तिला बाहेर यायला मदत हवी. आणि तुमच्याआमच्यासारख्या रोज दहा तास ‘पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड’चा प्रयोग लावणाऱ्यांना? आपल्या प्रयोगाला तर मध्यंतरही नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी कॉन्फरन्स रूममधून कुणी डोळे पुसत आलं, तर निदान करायला जाऊ नका, ते डॉक्टर करतील. ‘चल, चहा घेऊ’ म्हणा. आणि चहा घेताना गोठू नका. फोन खिशात ठेवा आणि ऐका. टपरीवर एकटाच उभा असलेला दिसला, तर त्यालाही.

पुढच्या वेळी तिकीट काढाल तेव्हा…

• तिची गोष्ट सांगतंय कोण? ती स्वतः, की दुसरंच कुणी?
• तिला ‘वेडी’ पहिल्यांदा कोण म्हणालं आणि त्यात त्याचा काय फायदा होता?
• तिच्या दुःखाला जबाबदार माणूस स्टेजवर आहे का, की दामल्यांसारखा गैरहजर?
• ती बोलते तेव्हा स्टेजवरचं कुणी ऐकतं का?
• नाटकातल्या पुरुषाला रडायची परवानगी आहे का? की त्याला प्यालाच लागतो?
• तुम्ही कधी हसलात आणि नंतर ते हसणं घशात अडकलं का?

घरबसल्या बघायचं तर: प्रशांत दळवींच्या ‘ध्यानीमनी’ या नाटकावर चंद्रकांत कुलकर्णींनी केलेला त्याच नावाचा चित्रपट (२०१७). आई होणं म्हणजेच बाई असणं, हा हट्ट एका मनाला कुठवर नेतो, ते बघा. गोष्ट आधी कुणाकडून ऐकू नका.

बोलायचं असेल तर: ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू. क्रमांक १४४१६. दिवसरात्र कधीही, मराठीतूनही. स्वतःसाठी करा किंवा जवळच्या कुणासाठी.